भोकं पडलेला कोबी

शनिवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाची गाणी धडाडून चालू आहेत. आणि अस्मादिक आपल्या टेरेसवर, कपाळाला टॉर्च बांधून, बायकोचा भुवया कोरायचा चिमटा हातात घेऊन कोबीच्या पानांमागून अळ्या वेचतायत. एक... दोन... सतरा... बायको दारात येऊन उभी राहिली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "आठवडाभर ऑफिसात बग शोधतोस, वीकांताला इथे शोधतोस. फरक एवढाच की तिकडे पगार मिळतो."

(चिमटा नवीन आणून द्यावा लागला, हे ओघाने आलंच.)

तर मंडळी, आजचा विषय कोबी. हसू नका. कोबी ही जगातली सगळ्यात कंटाळवाणी भाजी आहे असं माझंही मत होतं. मेसच्या डब्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार कोबी खाऊन ज्यांनी इंजिनियरिंगची चार वर्षं काढली, त्यांना वेगळं काय सांगायचं! पण ह्या भाजीने गेल्या दोन हिवाळ्यांत माझं जे काही केलंय ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गोष्ट सुरू होते २०२२ च्या दिवाळीत.

माझे मामा जुन्नर तालुक्यात शेती करतात, नारायणगावपासून थोडं आत. टोमॅटो, कांदा, आणि थंडीत कोबी-फ्लॉवर. भाऊबीजेला आम्ही सगळे तिकडे गेलो होतो. दुपारची जेवणं झालेली, सगळे ओसरीवर लवंडलेले, आणि मामा अंगणात पाठीवरचा फवारणीचा पंप धूत होते. मी त्याच आठवड्यात भाज्यांमधल्या विषारी अंशांवरचे चार-पाच व्हिडिओ पाहिले होते. चार व्हिडिओ पाहिलेला माणूस किती धोकादायक असतो हे तुम्हाला माहीत आहेच. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मामा, तुम्ही लोक ह्याला औषध म्हणता, पण हे विष आहे. तुम्ही शहरातल्या लोकांना विष विकताय."

कुणीच काही बोललं नाही. मामी आत निघून गेली. मामांनी पंप उलटा करून भिंतीला टेकवला आणि गोठ्याकडे गेले.

संध्याकाळी निघताना डिकीत नेहमीसारखी भाजीची पिशवी ठेवलेली होतीच. त्यातला कोबीसुद्धा नेहमीसारखाच, भोकं पडलेला, वेडावाकडा. लहानपणापासून मामांकडून असाच कोबी यायचा. आई त्याचं एकेक पान सुटं करून मिठाच्या पाण्यात टाकायची, वर अळ्या तरंगायला लागल्या की मी "ईऽऽ" करून पळायचो. मला कायम वाटायचं, चांगला माल मार्केटला जातो आणि उरलासुरला आमच्याकडे येतो.

परत येताना आई चाकणपर्यंत एक शब्द बोलली नाही. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "तुला एवढं कळतं ना? मग एक कोबी उगवून दाखव."

झालं! इंजिनियर माणसाला कुणी "करून दाखव" म्हटलं की त्याचं रक्त उसळतं. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३ च्या सप्टेंबरात, मी कामाला लागलो. आधी अर्थातच एक्सेल शीट. मग चौदा ग्रो-बॅग, माती, शेणखत, कोकोपीट आणि 'गोल्डन एकर' जातीच्या बियाण्याचं एक पाकीट. ही जुनी, लवकर तयार होणारी जात आहे. रोप लावल्यापासून साधारण दोन-सव्वादोन महिन्यांत छोटा गोल गड्डा तयार होतो. ट्रेमध्ये बी टाकलं, पाचव्या दिवशी इवली इवली हिरवी पानं वर आली. प्रामाणिकपणे सांगतो, पहिला प्रोग्रॅम रन झाला तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता. महिन्याभराने, ऑक्टोबरच्या शेवटी, एकेक रोप एकेका बॅगेत गेलं.

ह्या काळात मी जरा जास्तच वाचलं. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली ही सगळी एकाच जातीच्या वनस्पतीची पोरं आहेत, हे तुम्हाला माहीत होतं? माणसाने कुणाचं पान धरलं, कुणाचा खोडाचा फुगवटा धरला, कुणाची कळी धरली आणि हजारो वर्षं निवड करत करत वेगवेगळ्या भाज्या केल्या. एकच कोडबेस, वेगवेगळ्या ब्रँच. मोहरी आणि मुळा त्यांचे चुलतभाऊ. आणि आपला 'कोबी' हा शब्दही पाहुणाच, पोर्तुगिजांच्या 'कोव्ह'वरून आलेला. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर ही माहिती मी इतक्या वेळा सांगितली की लोक माझ्या टेबलावर बसेनासे झाले.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पानांवर खिडक्या दिसल्या.

'खिडक्या' हाच बरोबर शब्द आहे. पानाला आरपार भोक नव्हतं. खालचा हिरवा भाग कुणीतरी खरवडून खाल्लेला आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवलेला, ट्रेसिंग पेपरसारखा. पान उलटं केलं तर नखाएवढीही नसलेली एक हिरवी अळी. बोट लावलं तर ती वळवळत मागे मागे गेली आणि रेशमाच्या धाग्याला लटकून खाली उतरली, सिनेमातल्या कमांडोसारखी. हीच ती डायमंडबॅक मॉथची अळी. आपल्याकडच्या शेतीच्या पुस्तकांत तिला 'चौकोनी ठिपक्यांचा पतंग' म्हणतात, कारण पतंग पंख मिटून बसला की पाठीवर चौकोनी ठिपक्यांची नक्षी दिसते. पतंग एवढासा, तांदळाच्या दाण्यासारखा. पण एकेक मादी शंभराहून जास्त अंडी घालते, आणि आपल्याकडच्या उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार.

आता ह्या किड्याची खरी करामत ऐका. आजीने कधी मोहरी फेसली असेल तर तुमच्या नाकाला ती आठवत असेल. अख्ख्या मोहरीला वास नसतो, पण पाणी घालून वाटली, फेसली की नाकात झणका जातो, डोळ्यांत पाणी येतं. ह्याचं कारण असं की ह्या सगळ्या खानदानाच्या झाडांत ग्लुकोसिनोलेट नावाची रसायनं एका कप्प्यात असतात आणि मायरोसिनेज नावाचं विकर दुसऱ्या कप्प्यात. किड्याने पान चावलं की दोन्ही कप्पे फुटतात, माल एकत्र होतो आणि तिथल्या तिथे झणझणीत मोहरीचं तेल तयार होतं. बहुतेक किडे ठसका लागून पळ काढतात. थोडक्यात काय, तर कोबीने स्वतःची सिक्युरिटी लाखो वर्षांपूर्वीच बसवून घेतली आहे.

पण ह्या अळीच्या पोटात असं एक विकर आहे जे तो बॉम्ब फुटायच्या आतच निकामी करतं. २००२ साली शास्त्रज्ञांनी हे शोधून काढलं. वर आणखी कहर म्हणजे, अंडी घालायला योग्य झाड कुठलं हे पतंगाची मादी ह्याच रसायनांवरून ओळखते. म्हणजे कुलूप ज्याच्यासाठी लावलं त्याच्याकडेच किल्ली, आणि कुलूप बघूनच त्याला कळतं की घर हेच!

हे वाचून मला त्या अळीचं कौतुक वाटलं. तीन दिवस. चौथ्या दिवशी चौदापैकी अकरा रोपांवर खिडक्या होत्या आणि कौतुक संपलं.

मग सुरू झाले आमचे 'नैसर्गिक' उपाय. लसूण-मिरचीचं पाणी फवारलं. अळ्यांना बहुधा फोडणी आवडली. निंबोळी अर्क केला: पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात, सकाळी गाळून, साबणाचे चार थेंब टाकून. हा उपाय खरोखर चांगला आहे, पण मी तो सकाळी दहाच्या उन्हात मारत होतो आणि कडक उन्हात त्यातला कामाचा भाग लवकर मोडतो. हे मला नंतर कळलं. दरम्यान कोवळ्या पानांवर मावा आला. राखाडी, चिकट, गर्दीच गर्दी. माव्याच्या मागोमाग लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे आले. ते मावा खातात हे वाचून मी त्यांचे फोटो काढून मित्रांना पाठवले, "माझी टीम" असं लिहून.

तरीही अळ्या वाढतच होत्या. रोज रात्री टॉर्च आणि चिमटा. त्यात ऑफिसात रिलीज चालू. एका रात्री साडेबाराला क्लायंटचा कॉल संपवून टेरेसवर गेलो तर सगळ्यात चांगल्या रोपाचा मधला कोंब, जिथून गड्डा धरायचा असतो तोच, कुरतडलेला. त्या क्षणी मला जो राग आला तो मी इथे लिहू शकत नाही. चौदा रोपं! माझं घर त्याच्यावर चालत नव्हतं, कर्ज त्याच्यावर घेतलं नव्हतं. तरीही मला त्या अळ्या मेलेल्या बघायच्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या. आत्ताच्या आत्ता.

दुसऱ्या दिवशी रविवार. शहराबाहेर पडल्यावर लागणाऱ्या एका कृषी सेवा केंद्रात गेलो. दुकानदाराशी झालेला संवाद जसाच्या तसा देतो.

"काय पाहिजे?"

"कोबीवर किडे पडलेत. काहीतरी जालीम द्या."

"किती आहे?"

"चौदा."

"चौदा एकर?" तो खुर्चीतून उठलाच.

"नाही... चौदा कोबी."

तो परत बसला. मागे न बघता फळीवरून एक छोटी बाटली काढून दिली. बाटलीवर पिवळा त्रिकोण होता. हे त्रिकोण तुम्ही पाहिलेत का? आपल्याकडे कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर असतात. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. मला हे सगळं ठाऊक होतं. भाऊबीजेच्या दिवशी ओसरीवर ऐकवलंही होतं. तरीही मी पैसे दिले आणि बाटली कापडी पिशवीत घालून, बायको माहेरी गेलेली असताना, चोरासारखी घरी आणली.

काच पुसायच्या स्प्रेच्या बाटलीत अंदाजाने औषध ओतलं, तोंडाला रुमाल बांधला आणि भर अकराच्या उन्हात फवारलं. वारा माझ्याकडेच येत होता. शेजारच्या टेरेसवर कपडे वाळत होते, तिकडे मी बघितलंच नाही. दुपारी डोकं धरलं, मळमळायला लागलं. संध्याकाळी बायको आली तेव्हा सांगितलं, रिलीजचं टेन्शन आहे.

दोन दिवसांनी पानं उलटी करून पाहिली. अळ्या मजेत होत्या. मावा बऱ्यापैकी गेला होता, आणि ग्रो-बॅगेतल्या मातीवर सहा-सात ढालकिडे उताणे पडले होते. माझी टीम. मग मी बाटलीवरचं बारीक अक्षरातलं लेबल पहिल्यांदा वाचलं. ते औषध मावा, तुडतुडे असल्या रस शोषणाऱ्या किडींसाठी होतं. दिवसभर क्लायंटला "आधी मॅन्युअल वाचा" असं सांगणारा हा माणूस, लेबल न वाचता विष मारून बसला होता. पंधरा दिवसांत मावा दुपटीने परत आला. त्याला खायला आता कुणी उरलंच नव्हतं.

त्या रात्री मी मामांना फोन केला. दिवाळीनंतर वर्षभर आमचं थेट बोलणं झालं नव्हतं, जे काही व्हायचं ते आईच्या मार्फत. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हसतील, आणि हसले असते तर त्यांचा हक्कच होता. मामांनी पहिला प्रश्न विचारला, "वारं कुठून होतं?"

"माझ्याकडेच येत होतं."

"मारल्यावर आंघोळ केलीस का? साबणानी? कपडे येगळे धुतले?"

"नाही."

"आरं येड्या..." आणि मग मामा थोडा वेळ गप्प बसले. "तुझ्या आईनी तुला कधी सांगितलं नाय का माझं?"

नव्हतं सांगितलं. मी तिसरी-चौथीत असताना मामा एकदा कोबीवर औषध मारून घरी आले आणि अंगणातच कोसळले होते. घामाने निथळत होते, तोंडातली लाळ थांबत नव्हती, डोळ्यांपुढे अंधारी. तीन दिवस दवाखान्यात होते. आई तेव्हा आठ दिवस माहेरी जाऊन राहिली होती, मला फक्त एवढंच आठवतं की त्या आठवड्यात बाबांनी रोज खिचडी केली होती.

"तू म्हणतोस ना विष इकतो," मामा म्हणाले, "खोटं नाय ते. पण ते तुमच्या ताटात यायच्या आधी माझ्या अंगावर पडतं."

मला काय बोलावं सुचलं नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, ती बातमी मी वाचली होती. वाचून हळहळलोही होतो. पण माझ्या डोक्यात ती 'शेतकऱ्यांची समस्या' ह्या फोल्डरमध्ये होती आणि मामांचा पंप 'भेसळ आणि आरोग्य' ह्या फोल्डरमध्ये. दोन्ही फाइल एकच आहेत हे कधी लक्षातच आलं नाही.

"मग मारता कशाला?" मी विचारलं. ह्या वेळी खरंच विचारलं.

"भोक पडलेला गड्डा आडत्या बाजूला टाकतो. चांगल्याच्या निम्मा भाव, नायतर तोही नाय. गाडीभाडं, हमाली, तोलाई तीच. त्याला बी दोष देत नाय मी. त्याच्याकडून घेणारा पुढं तुमच्या दारात इकतो, तुम्ही भोकाचा घेता का?"

मग ते म्हणाले, "आन् तुझ्या आईला जो कोबी पाठवतो ना, तो मार्केटचा नसतो. हिरीच्या कडंला दोन वाफे हायेत, त्यातला. त्याच्यावर औषध मारत नाय. म्हणून भोकं असत्यात."

मंडळी, वीस-पंचवीस वर्षं मी ज्याला उरलासुरला माल समजत होतो, तो घरच्यांसाठी वेगळा राखलेला कोबी होता. आणि मी "ईऽऽ" करून पळत होतो. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ टेरेसवर बसून राहिलो. नंतर बायकोला बाटलीचंही सांगून टाकलं. तिने काय ऐकवलं ते सेन्सॉर केलंय.

असो. मामांनी त्या रात्री मला तीन गोष्टी सांगितल्या, कुणाला कोबी लावायचा असेल तर उपयोगी पडतील. पहिली, निंबोळी अर्क संध्याकाळी मारायचा, पानाच्या खालच्या बाजूने, आणि अळ्या बारीक असतानाच. दुसरी, गरज पडलीच तर बीटीची पावडर. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जिवाणू. अळीने तो पानाबरोबर खाल्ला तरच तिच्या पोटात त्याचं विष काम करतं, ढालकिड्यांना त्याचा त्रास होत नाही. आणि तिसरी, मोहरी. कोबीच्या आधी पंधरा दिवस कडेने मोहरी टाकायची. पतंगाला मोहरी कोबीपेक्षा जास्त आवडते, तो अंडी तिथे घालतो, मग तिथेच बंदोबस्त करायचा. मामांना हे गावातल्या कृषी सहायकाने सांगितलं होतं. मी शोधलं तेव्हा कळलं की बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या आसपास ही पद्धत बसवली: कोबीच्या दर २५ ओळींना मोहरीच्या दोन ओळी, एक लागवडीच्या १५ दिवस आधी पेरायची आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी, म्हणजे पहिली मोहरी जून होईपर्यंत दुसरी कोवळी तयार. आपण ह्याला 'हनीपॉट' म्हणतो आणि कॉन्फरन्समध्ये त्याच्यावर स्लाइड दाखवतो.

"मग सगळ्या शेतात हेच का नाही करत?" असं मी विचारलंच, स्वभाव कुठे जातो! मामा म्हणाले, करतो, औषध कमी लागतं, पण पूर्ण सुटत नाही. आजूबाजूला सगळीकडे कोबी, एकाचा निघाला की दुसऱ्याचा उभा, पतंगाला उपास असा घडतच नाही. आणि औषधही जुनं झालं की चालेनासं होतं. ह्या शेवटच्या वाक्यामागे तर मोठा इतिहास निघाला. डीडीटी किडे मारतं हा शोध पॉल म्युलर ह्यांनी १९३९ साली लावला, १९४८ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि १९५३ साली जावा बेटावरून नोंद आली की ह्या पतंगावर डीडीटी चालेनासं झालंय. डीडीटीला दाद न देणारी ही पिकांवरची पहिली कीड मानतात. १९९० साली हवाईमध्ये बीटीलाही तो पुरून उरल्याचं दिसलं. दर फवारणी म्हणजे एक इंटरव्ह्यू, जे पास होतात तेच पुढची पिढी घडवतात. आपण दर पंधरा दिवसांनी इंटरव्ह्यू घेतोय, मग टीम भारी तयार होणारच.

त्या हिवाळ्यात माझे पाच गड्डे आले. सगळ्यात मोठा सहाशे ग्रॅमचा. ज्यांच्यावर ते औषध पडलं होतं ती रोपं मी खाल्ली नाहीत. एक्सेल शीटप्रमाणे खर्च ४,८०० रुपये, म्हणजे एका कोबीला ९६० रुपये. आणि हो, भोकं त्या औषध मारलेल्या रोपांवरही होती. म्हणजे भोक दिसलं की शुद्ध भाजी, असाही हिशोब नाही. तेवढं सोपं असतं तर काय हवं होतं.

पण एक गोष्ट झाली. पुढच्या आठवड्यात नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे कोबी घेत होतो. बोलता बोलता माझ्या हाताने एक गड्डा उचलला, फिरवला, बाहेरच्या पानावर एक भोक दिसलं आणि हाताने तो परत ठेवून दुसरा उचलला. मी ठरवून केलं नव्हतं, हात आपोआप गेला. मावशी म्हणाल्या, "तो घ्या दादा, एक डाग नाही त्याला." मी पहिला परत उचलला. मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण टेस्टिंग न करता कोड टाकणाऱ्याकडे बघतो. :)

२०२४ मध्ये पुन्हा लावला. फक्त आठ बॅग. ह्या वेळी आधी चार कुंड्यांत मोहरी. नोव्हेंबरमध्ये मोहरीची पानं चाळणीसारखी झाली, मी रोज रात्री ती पानं अळ्यांसकट तोडून साबणाच्या पाण्यात बुडवायचो. कोबीवरही अळ्या आल्या, पण चिमट्याला झेपतील इतक्या. एके दिवशी एका पानावर छोटा पांढरा रेशमी कोष दिसला. तो अळीच्या पोटात अंडी घालणाऱ्या एका बारीक परजीवी गांधीलमाशीचा असतो. म्हणजे फुकटात काम करणारं कुणीतरी परत आलं होतं. बाटली मी विकत घेतली नाही. पण ह्यात माझा मोठेपणा काही नाही, आठ कोबींवर माझं काहीच अवलंबून नव्हतं.

जानेवारी २०२५ मध्ये सहा गड्डे निघाले. त्यातले तीन घेऊन आम्ही मामांकडे गेलो. त्या आठवड्यात मामांच्या कोबीची पट्टी आली होती, किलोला तीन रुपये. भाडं-हमाली वजा जाऊन जे उरलं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. पाठीमागच्या तुकड्यात तोडणीच्या खर्चाला परवडत नाही म्हणून तसाच ठेवलेला कोबी दिसत होता. हिरवागार, एकही भोक नसलेला.

मी पिशवी पुढे केली आणि गाडीत दहा वेळा पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, "मामा, ते त्या दिवाळीचं..."

"मोहरी कधी टाकलीस?" मामांनी विचारलं.

"पंधरा दिवस आधी."

"दुसरी?"

"दुसरी राहिली. रिलीज होतं."

"हं." त्यांनी एक गड्डा हातात घेतला, तळव्यावर तोलला, देठ बघितला. मग बाहेरचं एक पान अलगद मागे केलं, त्याच्या आतलं दुसरं केलं, आणि हसायलाच लागले.

"ही राहिली की रं!"

हिरवी अळी वळवळत मागे मागे गेली आणि धाग्याला लटकून त्यांच्या पायजम्यावर उतरली. मामांनी तिला उचलून कोंबड्यांकडे टाकली आणि आत हाक मारली, "अगं, भाच्यानी घरचा कोबी आणलाय. हरभऱ्याची डाळ भिजत घाल."

मामीने पानं सुटी करून मिठाच्या पाण्यात टाकली. मी तिथेच उभा राहून बघत होतो. आणखी दोन निघाल्या.